हकलबेरीच्या डोंगरासाठी रिव्हॉल्व्हर

२ जून

जुन्या चव्वेचाळीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरला आज निवृत्ती दिली. चक्र खिळखिळं झालंय, घोडा ओढून धरला तरी बोटाने हलतं. बंदुकांच्या दुकानातल्या वेन्डेलने दिव्यासमोर धरून पाहिलं आणि म्हणाला, याने चाळीस वर्षं तुझा छळ सोसला हॅल्वर, आता झोपू दे बिचाऱ्याला. लाकडाच्या गिरणीत आयुष्यभर करवतींना धार लावली आहे, झिजलेलं लोखंड मला दुसऱ्याने दाखवावं लागत नाही.

पण मग ऑगस्टचं काय? दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि इर्मा तंबू घेऊन डिअर क्रीक नावाच्या ओढ्याच्या वरच्या उतारावर जातो. दहा दिवस हकलबेऱ्या, म्हणजे जांभळासारखी बारीक रानफळं, तोडायच्या, खायच्या, डबे भरायचे, बोटं जांभळी करून परत यायचं. त्रेचाळीस उन्हाळे झाले. आजवर कुठल्या समुद्रावर गेलो नाही आणि कधी जावंसंही वाटलं नाही.

आता जिथे हकलबेरी तिथे ग्रिझली अस्वल असतंच. त्यालाही तोंड आहे. लग्नाच्या वर्षी इर्माच्या वडिलांना मी शब्द दिला होता की कमरेला मोठं रिव्हॉल्व्हर असल्याशिवाय तुमच्या मुलीला त्या डोंगरावर नेणार नाही. अस्वलावर झाडायची वेळ कधीच आली नाही. पण मागच्या साली पलीकडच्या खोऱ्यात एका माणसाला अस्वलाने खांद्यापासून फाडलं. तेव्हा या वेळी चव्वेचाळीसपेक्षा थोरलं घ्यावं, असं मनात आहे.

गोळ्या अर्थातच मी घरी शिसं वितळवून ओतलेल्याच. विकतची गोळी मी शेवटची कधी झाडली ते आठवतही नाही.

५ जून

खिशात गोळ्या घेऊन वेन्डेलच्या दुकानात गेलो. चोवीस गोळ्या. पँट एका बाजूने खाली ओढली जात होती, इर्मा म्हणाली, पट्टा आवळ, नाहीतर वेन्डेलला भलतंच दिसेल.

रिव्हॉल्व्हर चकाकीवर पारखायचं नसतं. चक्र काढून हातात घ्यायचं आणि सहाही घरांच्या तोंडातून आपली गोळी अंगठ्याने दाबून बघायची. आपोआप घरंगळली तर घर सैल. अडून बसली तर घट्ट, आणि घट्ट घरातून मऊ शिशाची गोळी सोलपटत निघते, मग नळीत शिशाचा थर चढतो आणि चार दिवस खरवडत बसावं लागतं. अंगठ्याला किंचित विरोध करून, मग लाजल्यासारखी पलीकडे उतरली, तर ते हत्यार आपलं.

दोन जमली. एक साधं, वापरलेलं चव्वेचाळीस, एका पशुपालकाच्या विधवेने विकायला ठेवलेलं. दुसरं नवंकोरं, त्याहून थोरल्या बोअरचं चारशे चोपन्न. त्याच्या मापाच्या गोळ्या माझ्याकडे नव्हत्या, वेन्डेलच्या डब्यातल्या घेऊन बघितल्या. सहाही घरं एकसारखी, जणू एकाच आईची लेकरं. आणि ताकद चव्वेचाळीसच्या दुप्पट म्हटली तरी चालेल.

वेन्डेल म्हणाला, "तुला अस्वल थांबवायचंय की मालगाडी?"

तो साठीचा आहे, मी चौऱ्याहत्तरचा. त्याने मला चव्वेचाळीस पुढे सरकवलं, तेव्हाच मी दुसरं घ्यायचं ठरवलं. इर्मा गळ आणि दोऱ्या बघत उभी होती. तिने एवढंच विचारलं की वजन किती. मग म्हणाली, तुझा हात, तुझी निवड.

गाडीपाशी आल्यावर तिला आठवलं की पाकीट आत राहिलं. ते सापडायला दहा मिनिटं लागली. काचेतून दिसत होतं, ती बोलत होती आणि वेन्डेल मान डोलावत होता. ते चव्वेचाळीस त्याने काउंटरवरून उचलून खाली ठेवलं. पाकीट बहुधा त्याच्याखालीच राहिलं असावं.

११ जून

चारशे चोपन्नच्या गोळ्यांचा साचा आला. सकाळपासून मागच्या शेडमध्ये गोळ्या ओतल्या. गाडीच्या चाकांना लावतात ती शिशाची वजनं, त्यात थोडं कथील. पहिल्या वीस-पंचवीस गोळ्यांना सुरकुत्या पडल्या, साचा थंड होता. मग लय लागली. शिसं ओतायचं, चार श्वास मोजायचे, साचा उघडायचा, गोळी जुन्या टॉवेलवर पडते.

इर्मा खिडकीपाशी बसून गोळ्या निवडत होती. तिच्या हातून खोट असलेली गोळी सुटत नाही. बुडाची कड धारदार नसली तर परत भांड्यात. शाळेत चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्याचा हा उरलेला राग, असं मी म्हणतो. ती म्हणते, मुलं तुझ्यापेक्षा नीट काम करायची.

पुंगळ्यांत दारू भरायचं काम हिवाळ्यापासून तिच्याकडेच आहे. माझ्या अंगठ्याचं मूळ झिजलंय, काट्यावर दारू मोजताना हात थरथरतो. डॉक्टर म्हणाला होता, जोराचे धक्के टाळा. तो बाई-माणसासारखा हळुवार हाताचा पोरगा आहे, बंदुकीतलं त्याला काय कळणार.

मी तिला सांगितलं, भरपूर भर, हे चव्वेचाळीस नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे काय भरायचं ते.

१५ जून

आज झाडलं. काय लिहू.

मनातून मी घाबरलो होतो, इथे खरं लिहायला हरकत नाही. चारशे चोपन्नने लोकांची मनगटं मुरगळलेली ऐकली आहेत. दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरली, दात आवळले आणि चाप ओढला. दणका बसला, पण कसा, तर ओळखीच्या माणसाने पाठीवर थाप मारावी तसा. सहाही झाडून मी वळलो तर इर्मा कानावरची झाकणं काढून माझ्या हाताकडे बघत होती. तिने विचारलं, दुखलं? मी म्हटलं, दुखायला मी काय डॉक्टर आहे?

मूठ माझ्या पंजासाठीच घडवली असावी. हाताला जात असते, दुसरं काय. चाळीस वर्षांचा सराव वाया जात नाही.

एकच खोट. पंचवीस पावलांवरून गोळ्या चार बोटं वर लागतात.

२९ जून

आणखी दोन पेट्या झाडल्या. गोळ्या अजून वरच. पण एकमेकींना चिकटून, कपात मावतील एवढ्यात. संध्याकाळी इर्माबरोबर वाटाणे सोलले. अंगठा अजिबात ठणकत नाही.

६ जुलै

वेन्डेलकडे एक नवखं गिऱ्हाईक बोलत होतं की त्याच्या गोळ्या वर लागतात. मी त्याला समजावलं. बाबा रे, काडतूस हलकं भरलंयस. गोळी हळू निघाली की ती नळीतून बाहेर पडेपर्यंत दणक्याने नळी वर उचललेली असते. जड भर, गोळी लवकर सुटेल आणि खाली येईल. हे साधं गणित आहे. तो खूश होऊन गेला.

मग मी वेन्डेलला म्हटलं की माझ्या रिव्हॉल्व्हरच्या टोकावरची नेम धरायची माशी बुटकी आहे, उंच माशी मागव, माझ्याही गोळ्या वर जातात. वेन्डेलने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खोकला. म्हणाला, घाई करू नकोस, ऑगस्टपर्यंत बघू.

दुकानदार आळशी झाला की असं होतं.

१९ जुलै

दक्षिणेकडच्या वणव्यांचा धूर. बाहेर गेलो नाही. इर्माने तंबू काढून शिवण तपासली, एके ठिकाणी ठिगळ लावलं. गुणगुणत होती.

२ ऑगस्ट

आजचं सगळं नीट लिहितो, कारण अजून डोकं ठिकाणावर नाही.

इर्मा चर्चमधल्या बायकांबरोबर गोधडीच्या कामाला गेली होती. मला वाटलं, माशी येईल तेव्हा येईल, तोवर दारू जराशी बदलून बघू. शेडमध्ये गेलो. चारशे चोपन्नसाठी जूनमध्ये आणलेला जोरकस दारूचा डबा फळीवर होता. उचलला, तर भरलेला. झाकणाखालचं कागदी सील जसंच्या तसं.

इतकी काडतुसं झाडली मी, आणि डबा उघडलेलाच नाही.

मी खाली बसलो. पहिला विचार आला तो इर्माचा. आमच्या शेडचा एकच मोठा नियम आहे: बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. दोन डब्यांची गफलत झाली की रिव्हॉल्व्हर हातात फुटतं, माणसं आंधळी होतात. तिने चुकून दुसराच डबा घेतला? इर्माने? तिचं काही बिनसलंय का? परवा ती चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होती, तेही आठवलं. अस्वलाने कधी एवढं घाबरवलं नव्हतं.

मग काडतुसांच्या पेट्या काढल्या. प्रत्येक पेटीच्या झाकणावर तिची चिठ्ठी. तिचं अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखं. तारीख, गोळीचं वजन, दारूचं नाव, किती, आणि शेवटी एक शब्द: सौम्य.

अकरा पेट्या. अकराही चिठ्ठ्यांवर तेच. पहिली जूनमधली.

दुसऱ्याने भरलेलं काडतूस असेल तर मी चिठ्ठी भिंग लावून वाचतो. वेन्डेललाही सोडत नाही. आणि या अकरा पेट्या उघडून मी झाडत बसलो, एकदाही झाकणाकडे बघितलं नाही. तिने भरलंय ना, मग झालं.

पेट्या जागच्या जागी ठेवल्या. ती आल्यावर काही बोललो नाही. जेवताना तिने दोनदा विचारलं की बरं वाटत नाही का.

३ ऑगस्ट

ती शेजारी गेली असताना सील फोडलं. खरी जोरकस अशी सहा काडतुसं भरली. दारू मोजायला तासभर लागला, हात मध्येच टेकवावा लागत होता.

एक झाडलं. दुसरं झाडलं. तिसऱ्याला रिव्हॉल्व्हर हातात फिरलं आणि नळी कपाळावर आदळली. उरलेली तीन तशीच काढून घेतली.

तिला सांगितलं, लाकूड फोडताना ढलपी उडाली. तिने कपाळावर बर्फ धरला. मग न विचारता माझा उजवा हात उचलला आणि त्याच्यावरही धरला. हाताबद्दल मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

६ ऑगस्ट

कप डाव्या हाताने उचलतोय. आज सकाळी सांगून टाकलं की यंदा डोंगरावर जायचं नाही. धुराचं कारण दिलं. ती म्हणाली, धूर तर निघून गेला. मी म्हटलं, परत येईल.

ती ठिगळ लावलेला तंबू घडी करत होती. घडी अर्धवट ठेवून बाहेर गेली.

शब्द दिला होता मी तिच्या बापाला. जे रिव्हॉल्व्हर हवं ते मला पेलत नाही, आणि जे पेलतं ते खेळणं. यातून वाट कुठे आहे?

७ ऑगस्ट

दुपारी इर्मा शेडमध्ये आली. मी रिकामा बसलो होतो. तिने फळीवरचा डबा उचलला, फुटलेलं सील बघितलं, परत ठेवला. मग समोरच्या स्टुलावर बसली. शाळेत मुलगा फळ्यापाशी अडला की बसायची, तशी.

मी म्हटलं, "मला सांगायचं तरी."

"एक चिठ्ठी दाखव मला खोटी," ती म्हणाली. "एक. तूच शिकवलंस, पेटीवर खोटं लिहायचं नाही, त्यावर कुणाचा तरी जीव असतो. अकरा वेळा खरं लिहिलं. तू वाचलं नाहीस."

"तू भरलंयस म्हणून वाचलं नाही."

त्यावर तिने चष्मा पुसला. मी बोललो ते सगळ्यात वाईट होतं की सगळ्यात चांगलं, कोण जाणे.

मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तू जड भरायला लावलं असतंस. आणि ऑगस्ट येईपर्यंत बेऱ्या तोडायला तुला बोटं उरली नसती. बाबांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, हॅल्वर. त्यांना दिलेल्या शब्दातून मी सोडवते तुला. मला अस्वलाची भीती नाही रे. त्या उतारावर तुझ्याशिवाय बसावं लागेल, त्याची आहे."

मी म्हटलं की तुझ्या त्या सौम्य काडतुसाने अस्वलाला गुदगुल्या होतील.

"मोजलंस का?" ती म्हणाली. "का नुसताच बोलतोयस?"

९ ऑगस्ट

मोजलं.

चर्चच्या तळघरात वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. ते आणून पिंपात रात्रभर भिजवले, सकाळी घट्ट बांधून लांबलचक रास रचली. ओला कागद बऱ्यापैकी मांसासारखा वागतो. माझी तीन जड काडतुसं उरली होती. ती रिव्हॉल्व्हर लाकडी चौकटीत पट्ट्यांनी आवळून, दोरीने चाप ओढून झाडली. इर्मा म्हणाली, हा सगळ्यात शहाणा नेमबाज. मग तिची तीन, माझ्या हाताने.

रास उलगडत गेलो. माझी गोळी अठ्ठावीस इंचांवर सापडली. तिची पंचवीसवर. परत मोजलं. तिची पंचवीसच.

मला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. पन्नास वर्षं लोकांना सांगत आलो की ओतलेली कठीण गोळी, जड आणि चपट्या नाकाची, तिला वेगाची हाव नसते. ती फुलत नाही, वाकत नाही, सरळ चालत जाते. बाकी सगळा वेग आवाजात जातो आणि झाडणाऱ्याच्या मनगटात. हे लोकांना सांगायचं आणि स्वतः दुप्पट ताकदीचं धूड घेऊन यायचं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

कागदाचा लगदा दोघांच्या कोपरापर्यंत चढला होता. इर्मा दोन्ही गोळ्या तळहातावर ठेवून बघत होती. नाकं तशीच चपटी, फक्त नळीतल्या आट्यांचे वळ उमटलेले. म्हणाली, दोघी चांगल्या आहेत, पण माझी जास्त सभ्य आहे.

१२ ऑगस्ट

चारशे चोपन्न परत केलं. वाटेत मनाशी जुळवत होतो वेन्डेलला काय सांगायचं, घरं घट्ट निघाली म्हणावं की माशी. दारात पोचलो आणि सरळ सांगितलं की मला पेलत नाही.

वाटलं होतं चार टोमणे मारेल. त्याने एकही मारला नाही. काउंटरखाली वाकून ते चव्वेचाळीस काढलं. दोन महिने झाले तरी विकलं गेलं नव्हतं, नशीब माझं. इतकं चांगलं हत्यार लोकांच्या नजरेतून कसं सुटलं, मला कळत नाही. तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं.

गोळ्या पुन्हा अंगठ्याने ढकलून बघितल्या. उजवा अंगठा अजून सुजलेला, तर इर्माने तिचा लावला. सहाही घरं. दरवेळी ती मान डोलावत होती, आणि वेन्डेलही.

१९ ऑगस्ट

जुना साचा काढून शंभर गोळ्या ओतल्या. इर्माने भरल्या. मध्यम जोराच्या, दोघांनी बसून ठरवल्या. आज झाडलं: गोळ्या बरोबर जिथे बघतो तिथे. हाताला दणका जाणवतो आणि लगेच विसरतो.

माशी चांगली आहे.

२६ ऑगस्ट, डिअर क्रीकच्या वर

पोचलो. चढ मागच्या सालापेक्षा लांबला आहे, दोघांचंही यावर एकमत झालं. तंबू जुन्याच जागी. बेऱ्या यंदा बारीक पण गोड, धुराने काही बिघडलं नाही. दुपारपर्यंत अर्धी बादली. मी डाव्या हाताने तोडतो, उजव्याने फांदी वाकवतो. इर्मा दोन्ही हातांनी तोडते आणि तिसऱ्याने खाते.

२९ ऑगस्ट

आज आला.

सकाळी नऊच्या सुमाराला वरच्या उतारावर तोडत होतो. ओढ्यापलीकडच्या झुडपांत हालचाल झाली आणि ग्रिझली वर आला. मोठा नर, खांद्याचा उंचवटा उन्हात पिकल्या गवतासारखा दिसत होता. दीडशे पावलं असेल. वारा त्याच्याकडून आमच्याकडे. त्याने आम्हाला बघितलं की नाही, सांगता येत नाही, बघितलं असेल तरी आमच्यापेक्षा बेऱ्या त्याला मोलाच्या वाटल्या. अख्खी फांदी तोंडातून ओढायचा, पानं बाहेर, फळं आत. एवढं मोठं जनावर आणि ओठ असे नाजूक चालवत होता, जसे इर्मा सुईत दोरा ओवताना चालवते.

आम्ही उभे राहिलो. पळायचं नाही, ओरडायचं नाही, हे त्रेचाळीस वर्षांचं अंगात मुरलंय. माझा हात मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. बाहेर काढावंसं वाटलं नाही.

मग त्याने डोकं वर केलं. सरळ आमच्याकडे. मी नेहमीसारखं इर्माच्या पुढे व्हायला पाऊल उचललं, तर पुढे जागाच नव्हती. ती आधीच माझ्यासमोर उभी होती, अर्धं पाऊल पुढे, पाय रोवून. हातात अस्वल पळवायचा तिखट फवाऱ्याचा डबा, त्याची खीळ काढलेली. तो तिने कधी काढला मला दिसलंच नाही.

अस्वल बराच वेळ बघत राहिलं. मग वळून कडेकडेने वर गेलं आणि दिसेनासं झालं. इर्माने श्वास सोडला. खीळ परत बसवली. म्हणाली, त्याने चांगली झुडपं सोडून दिली आहेत, दुपारनंतर तिकडे जाऊ.

मधलं झुडूप उंच आहे आणि ती बुटकी, नीट दिसावं म्हणून पुढे झाली असणार. मी तिला मागे ओढलं नाही. इतक्या वर्षांत एवढं मोठं अस्वल इतक्या जवळून तिने पहिल्यांदाच बघितलं. म्हटलं, बघू दे पोटभर. मी तिच्या मागेच उभा राहिलो.